उत्तर: ‘एका कॉमासाठी तिसरं टेबल कशाला?’

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: लेखाच्या टेबलातच टॅगचे आयडी ‘३,७,१७’ असे कॉमा देऊन ठेवले की जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) लागत नाही आणि वेग मिळतो, ‘हा लेख, हा टॅग’ अशा जोड्यांचं वेगळं तिसरं टेबल म्हणजे पुस्तकी सोवळं, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तर एकाच कॉलमात सुट्या किमतींची यादी ठेवणारे अ‍ॅरेच आहेत, आणि तुमचं वर्षभर व्यवस्थित चाललंय.

सोवळ्याचं आधी. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडचा १९७० सालचा शोधनिबंध मी फार उशिरा वाचला. त्याआधी अगदी तुमच्यासारखाच कॉलम मी स्वतः केला होता. एकदा टॅग ७ रद्द झाला. मी रिप्लेस लावून ‘७’ पुसला. १७ चा १ झाला, ७० चा ० झाला. एरर कुठेच नाही, कारण डेटाबेसच्या लेखी ती नुसती अक्षरं! चूक लक्षात येईपर्यंत वर नवे टॅग चढले होते, त्यामुळे बॅकअपही सरळ लावता येईना. दोन्ही बाजूंना कॉमा धरून (‘,७,’ असं) शोधायची युक्ती मलाही ठाऊक आहे. पण ती प्रत्येक क्वेरीत, प्रत्येकाने, कायम पाळायची. कुणी कॉमापुढे एक स्पेस सोडली की संपलं.

एका लेखाचे टॅग दाखवण्यापुरतं तुमचं वेगाचं गणित बरोबर आहे. उलटं विचारून बघा: टॅग ७ चे सगळे लेख. मायएसक्यूएल डेटाबेसचं कॉमाच्या यादीत शोधणारं फाइंड-इन-सेट घ्या की दोन्हीकडे टक्क्याची खूण लावून मजकुरात कुठेही शोधणारं लाइक, साधा इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) तिथे नेमका शोध घेऊ शकत नाही, यादी पहिल्यापासून चाळावी लागते. जोड्यांच्या त्या वेगळ्या टेबलात टॅग आयडीपासून सुरू होणारा इंडेक्स असेल तर थेट त्याच ओळी हाती येतात.

लिहितानाचा घोळ तर तुम्ही हिशेबात धरलाच नाहीत. दोघांनी एकाच वेळी ‘३,७’ वाचलं, एकाने ९ जोडला, दुसऱ्याने १२. ज्याने नंतर सेव्ह केलं त्याचाच टॅग राहिला.

अ‍ॅरेचा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य. ७ आणि १७ ची गल्लत होत नाही, आतल्या प्रत्येक आयडीवरून शोधणारा जिन इंडेक्सही लावता येतो. पण अ‍ॅरेतल्या एकेका आयडीवर फॉरेन की (‘हा आयडी टॅगच्या टेबलात असलाच पाहिजे’ ही सक्ती) लागत नाही. टॅग उडवला तरी त्याचा आयडी लेखात पडून राहतो. ज्या यादीत डेटाबेसला कधी डोकवायचंच नाही, ती खुशाल एका कॉलमात ठेवा. मीही ठेवतो.

वर्षभर चाललंय म्हणता, तर एवढं करा: लागोपाठ दोन कॉमा, कॉमाने सुरू होणारी यादी आणि टॅगच्या टेबलात नसलेले आयडी शोधून बघा. काय निघतं ते इथेच लिहा.