इथे कुणीही प्रमुख नाही, किल्लीसाठी मला विचारा

तळागाळातल्या छोट्या गटांना हक्काची जागा हवी आणि ती आपणच चालवायची, असं तुमच्या मनानं घेतलं असेल तर आधी अभिनंदन. आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून टाका, ‘इथे कुणीही प्रमुख नाही.’ खाली बारीक अक्षरांत ‘किल्लीसाठी संपर्क’ आणि पुढे तुमचा नंबर.

किल्लीच्या चार प्रती काढून वेगवेगळ्या गटांकडे देता येतात, हे कुणी सुचवेलच. ऐकू नका. प्रती निघाल्या की तुमचा फोन वाजायचा थांबेल. किल्ली एकच ठेवा, तुमच्याच खिशात, आणि रात्री अवेळी दार उघडायला जावं लागतं याची तक्रार चारचौघांत करत राहा. ‘माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही’ हे वाक्य वैतागाच्या सुरात म्हणायची सवय करा. अभिमानाचा सूर लागला तर लोक ओळखतात.

लेखी नियम अजिबात नकोत. नियम आले की नोकरशाही आली. सभागृह आधी कुणाला, भाडं कुणाला माफ, कुणाचे फलक भिंतीवर राहणार, हे सगळं समजुतीनं ठरू द्या. समजूत अर्थात तुमची आणि तुमच्या जुन्या दोस्तांची. अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० सालीच सांगून ठेवलं होतं, की रचना नाही म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच. ती फक्त दिसत नाही, आणि ओळखीपाळखीवर चालते. बाईंनी हे धोका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही कार्यपद्धती म्हणून वाचा.

बैठकांवर मात्र कंजुषी करू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेनं शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातल्या साध्या माणसांसाठी घातपाताची एक पुस्तिका काढली होती. संस्था आतून कशी कुजवायची, याच्या त्यात सूचना आहेत. प्रत्येक प्रश्न समितीकडे पाठवा, समिती शक्य तेवढी मोठी करा, पाचांपेक्षा कमी माणसं कधीच नकोत. इतिवृत्तातल्या शब्दांवरून घोळ घाला. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. बिचाऱ्यांना ही कामं पढवावी लागत होती. आपले निष्ठावंत कार्यकर्ते ती मनापासून आणि फुकट करतात.

समावेशकतेचं निवेदन वरच्या मजल्यावर बसून मंजूर करा. जिना अरुंद असेल तर उत्तम. व्हीलचेअरवरची सदस्य खालच्या दारात थांबून फोनवर ऐकेल. ती ‘रॅम्पचं काय झालं?’ असं विचारत असताना आवाज तुटतोच. ‘आक्षेप नाही’ अशी नोंद करून पुढच्या विषयाला लागा. पुढचा विषय म्हणजे निवेदनाचा फाँट. त्यावर मतं पुष्कळ असतात, वेळ राखून ठेवा.

साफसफाईसाठी रंगीत पेनांनी पाळ्यांचा तक्ता करा. पहिल्या आठवड्यात सगळी नावं भरतात, पुढच्या आठवड्यात तक्ता कोरा राहतो, मग त्यावरच कुणीतरी मोर्चाची वेळ लिहून ठेवतं. घाबरू नका, कामं होतात. घरकामाच्या बिनपगारी श्रमांवरचं व्याख्यान संपतं, वक्ते घाईत निघतात, प्रश्न विचारणारे त्यांना सोडायला जातात, आणि नेहमीच्याच दोघीजणी सतरंज्या गुंडाळून, खुर्च्या रचून, तुंबलेल्या मोरीत हात घालतात. वार्षिक अहवालात याला ‘सामूहिक जबाबदारी’ म्हणावं. (त्या दोघी अहवाल वाचत नाहीत. वेळ नसतो.)

नवा स्वयंसेवक आला तर त्याला काय येतं, किती वेळ आहे, हे विचारू नका. आधी त्याची वैचारिक भूमिका तपासा. ती पटली तर हातात पोछा द्या, नाही पटली तरी द्या. तिसऱ्यांदा तो फिरकला नाही की तरुण पिढीत बांधिलकी उरली नाही, यावर एक चर्चासत्र ठेवता येतं.

पैशाचं सोपं आहे. देणगीदार संस्थांना प्रकल्प आवडतात. भाडं, वीजबिल आणि फ्लशची टाकी यांत त्यांना बदलाची दिशा दिसत नाही. म्हणून नेतृत्वविकासाची कार्यशाळा मंजूर करून घ्या आणि ती गळणाऱ्या छताखाली बादल्या मांडून घ्या. गटांनी ऐपतीप्रमाणे दरमहा थोडं थोडं द्यावं, असा पर्याय असतो. पण माणूस पैसे द्यायला लागला की हिशेब मागतो, आणि ती सवय वाईट.

जुन्या उदाहरणांनी दबून जाऊ नका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं हायलँडर हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण केंद्र १९३२ मध्ये सुरू झालं. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या कार्यशाळेला गेल्या, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी मॉन्टगोमेरीच्या बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. केंद्र इतकं खुपायला लागलं की १९६१ मध्ये राज्यानं त्याची सनद रद्द करून मालमत्ता काढून घेतली. चालवणाऱ्यांनी नाव किंचित बदलून ते पुन्हा उभं केलं. इतका खटाटोप! तुमचं केंद्र बंद पडायला सरकारला कष्ट घ्यावे लागू नयेत, एवढं स्वावलंबन आपण नक्की कमावू शकतो.

आणि हो, अधूनमधून राजीनामा देत जा. पत्र लांबलचक असावं, सगळ्या गटांना एकाच वेळी जावं, त्यात त्याग, वेदना आणि दोन-तीन नावं न घेता केलेले उल्लेख असावेत. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्यात चुकूनही लिहू नका. लोक समजूत घालायला येतील, तुम्ही आढेवेढे घ्याल आणि ‘केवळ चळवळीखातर’ थांबाल. एखाद्या बैठकीत कुणी तो राजीनामा खरोखरच स्वीकारायला निघालं, तर गणसंख्या मोजायला सांगा.