काफी, पांढरी दोन

नागपूरहून फॉरवर्ड होत आलेला एका संगीतशिक्षकांचा मजकूर अजून डोक्यातून जात नाही. म्हणणं असं, की विशारद होईपर्यंत पोट्ट्यांनी जॅझबिझ ऐकू नये. परकं कानावर पडलं की वळण बिघडतं, स्वतःची ओळख जाते. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

ज्या शहरात सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्या शहरात हे? वसंतराव नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडून मारवा राग घेतला, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, आणि कानात कायम मास्टर दीनानाथ. इतक्या ठिकाणचं कानावर पडून त्यांची ओळख कुठे गेली बरं?

ज्यांना परक्याची भीती वाटते त्यांनी पेटी उघडावी आणि जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याची १९५९ सालची 'सो व्हॉट' ही रचना लावावी. तिचा डी डोरियन हा सप्तक म्हणजे पांढरी दोनला, पेटीवरच्या इंग्रजी डीला, सा धरून काफी थाट, म्हणजे ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, काळीला बोट लागत नाही. एका फेरीत ३२ बार, म्हणजे मात्रांचे कप्पे, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे १६ मात्रांच्या त्रितालाची ८ आवर्तनं. पहिली ४ पांढरी दोनमध्ये. मग अख्खा काफी अर्धा सूर वर सरकतो, काळी दोनला, तिथे २ आवर्तनं. शेवटची २ परत पांढरी दोनमध्ये.

तानपुरा मात्र बंद हवा. तो चालू राहिला तर मधल्या दोन आवर्तनांत जुना सा हा नव्या सा चा शुद्ध निषाद होऊन बसतो आणि काफीचा कोमल निषाद उभाच राहू देत नाही. आपल्याकडची मुलं इथेच अडखळतात आणि दोष जॅझला देतात.

लयीचंही तसंच. मेट्रोनोम ६० वर लावायचा, पण टिक पहिल्या मात्रेवर धरायची नाही. दुसरी आणि चौथी मात्रा म्हणून ऐकायची. लय झाली १२०. आठवडाभर वाजवायचं काहीच नाही. आधी फक्त बासबरोबर मात्रा मोजायच्या, मग फक्त ड्रमच्या झांजेबरोबर, मग सोलोच्या पहिल्या ८ बारांचा एकेक सूर तोंडानं म्हणायचा, आणि तो गळ्यात बसला की मगच पेटी. घाई केली की काफीचे पलटे, म्हणजे घोटलेले सरावाचे स्वरगट, वाजतात, कारण बोटं प्रत्येक तुकडा समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणून टेकवतात. तुकडा समेच्या आधीच सोडून पाहावा, किंवा सम जाऊ देऊन नंतर उचलावा. आपली सवय कुठली आणि आपली आवड कुठली, हे तेव्हा पहिल्यांदा वेगवेगळं ऐकू येतं. नुसते पलटे घोटून मला तरी हे कुणात झालेलं दिसलं नाही.

मी राहतो त्या शिकागोत लॉरेन्स स्टेशनला उतरून ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये बसलं की वाजवणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही. याच शहराच्या साउथ साइडला १९६५ मध्ये एएसीएम ही संगीतकारांची संस्था उभी राहिली. तिच्या मैफलीत वाजवायचं ते स्वतः रचलेलंच, असा दंडक होता. विशारदच्या परीक्षेला असा एक तरी प्रश्न असतो का?

पण इथलंही सगळं सांगायला हवं. जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी एकत्र वाजवायच्या बैठकीत, भारतीय माणूस दिसला की लगेच फर्माईश येते, तुमच्याकडचं काहीतरी वाजवा. नागपुरात बर्डीवर म्हणतात परकं वाजवू नको, इथे म्हणतात तुझंच वाजव. दोन्हीकडे आपण कोण ते आपल्याआधी दुसऱ्यानं ठरवलेलं. जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यानं मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, हे इथे कौतुकानं सांगतात. आमच्या मुलानं नागपुरात कोल्ट्रेन लावला की तो हातचा गेला. त्या मजकुराचा राग येतो तो यासाठीच. आणि इतक्या वर्षांनंतरही नागपूरकरांनी मला बाहेरचा म्हणू नये असं वाटतं, म्हणूनही.

तेव्हा मास्तर, एवढं करून पाहा. काळी दोनवरून पांढरी दोनला परत येतानाची पहिली एक ओळ मुलाला तोंडानं म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ऐका. कोमल गंधारावर तो मींड घेऊन, सूर न तोडता घसरत, उतरला असेल, तर ती त्याला माइल्सनं शिकवलेली नाही आणि तुम्हीही त्या जागी घ्यायला सांगितलेली नाही.