केबल कापायच्या आधी रस्त्यात पाइप टाका

नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे, खांबांवर लोंबणाऱ्या केबल कापून टाकायच्या की राहू द्यायच्या. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, पंचवटीत, मेन रोडला हे जाळं बघून बाहेरचे लोक काय म्हणतील, असं एकीकडे, आणि कापल्या तर घरून काम करणाऱ्यांनी करायचं काय, असं दुसरीकडे. मी जर्मनीत राहतो, इथे शहरात डोक्यावर सहसा तार दिसत नाही, म्हणून मला लगेच सांगतात की बघ तुमच्याकडे कसं छान.

छान दिसतं हे खरंय. पण इथे कितीतरी घरांत नेट अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं, फायबर, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी काचेची तार, येतं रस्त्याकडेच्या राखाडी पेटीपर्यंत, पुढे तांबं, आणि पेटी जितकी लांब तितका स्पीड कमी. १९८० च्या दशकात इथल्या सरकारने फायबर बाजूला ठेवून टीव्हीसाठी कोॲक्सवर, म्हणजे केबल टीव्हीच्या त्या जाड तांब्याच्या केबलवर, भर दिला आणि आता प्रत्येक दारापर्यंत फुटपाथ उकरायचा म्हणजे पैसा पण जातो आणि वर्षं पण. तिकडे नाशिकला सिडकोत माझ्या भावाकडे केबलवाल्याचा पोरगा आला, खांबावरून फायबर ओढली, एका दुपारीत नेट चालू!

म्हणून मला वाटतं वर लटकणारी तार हा मूळ दोष नाहीच, ती कशी लटकवलीय तो दोष आहे. जुनी कोॲक्स आठवा, फ्रिक्वेन्सी जास्त तसा लॉस जास्त म्हणून वरच्या चॅनलांना आधी मुंग्या यायच्या, मग गल्लीत अँप्लिफायर लावायचे, तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवायचा, आणि पलीकडच्या गल्लीत लाईट गेली की आपल्याकडे लाईट असूनही केबल बंद. २०१३ मध्ये सेट टॉप बॉक्स आले तरी गल्लीतली तार तीच राहिली. फायबरमध्ये प्रकाश काचेच्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो, १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल (सिग्नल किती घटला ते मोजायचं माप) लॉस, म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक. गल्लीत हा प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, एका फायबरवर ३२ घरं चालतात. पण त्या वाटणीतच सतराएक डेसिबल जातात, मग हाताशी उरतं थोडंसंच, आणि तेवढ्यात कोणी खांबावर फायबर आवळून गुंडाळली की वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि घरी मोडेमवर लाल लाईट. कापलेली फायबर परत जोडायची तर मशीनने काच वितळवून एकेक जोड घालावा लागतो, नुसत्या पिळून टेप मारायच्या तारा नाहीत त्या.

खांबावर बंद पडलेली जुनी कोॲक्स किती आहे ते कोणी बघतच नाही, ती आधी उतरवा ना. आणि सिंहस्थासाठी जिथे जिथे रस्ते खोदले जातायत तिथे डांबर पडायच्या आत, पुढे फायबर ओढता येईल असे रिकामे पाइप टाका, थोड्या थोड्या अंतरावर चेंबर द्या, मालकी महापालिकेची ठेवा आणि भाडं असं लावा की गल्लीतल्या छोट्या केबलवाल्यालाही परवडेल, नाहीतर पाइप मोठ्या कंपन्यांचे होतील आणि तो पोरगा परत खांबावरच चढेल.