वसतिगृह हेही शिक्षणच होते

तीस वर्षे मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. बी.एड.च्या परीक्षेसाठी पाठ केलेली समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेमची मांडणी, म्हणजे शाळा समाजाची सामायिक मूल्ये पुढच्या पिढीत रुजवते आणि श्रमविभागणीला लागणारी वेगवेगळी कौशल्येही देते, ही मी त्या काळात कधी तपासून पाहिली नाही. शाळा सर्वांना एकाच मापाने मोजते, यावर माझा विश्वास होता.

त्या विश्वासाला तडा गेला तो एका निबंधाने. आठवीच्या वर्गाला मी 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ' हा विषय दिला होता. गावातील डॉक्टरांच्या मुलीने दोन पाने लिहिली. उसाच्या फडात वाढलेल्या एका मुलाने चार ओळी लिहिल्या, कारण त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. बेणे कसे निवडावे, लागण (नव्याने लावलेला ऊस) आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) यांत फरक काय, यावर तो मुलगा तासभर बोलला असता. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले. गुण नियमाप्रमाणे बरोबर होते. विषय मात्र मी निवडला होता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय याने याच गोष्टीला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले आहे. घरात बोलली जाणारी भाषा, कपाटातील पुस्तके, पाहिलेली गावे, मोठ्यांशी बोलण्याची सवय, हे सारे काही मुलांना घरातून मिळते. शाळा ते स्वतः शिकवत नाही, पण परीक्षेत मागते, आणि ज्याच्याकडे ते आधीच आहे त्याला हुशार ठरवते. बोल्स आणि गिन्टिस या अमेरिकी अभ्यासकांनी 1976 मध्ये याहून कठोर विधान केले : घंटा, हजेरी, वरिष्ठांची आज्ञा यांतून शाळा मुलांना कारखान्याच्या शिस्तीसाठीच घडवते. मला ते अर्धेच पटते. शिस्तीपेक्षा घराने दिलेले अंतर माझ्या वर्गात कितीतरी ठळक दिसत असे.

म्हणूनच कर्मवीर भाऊराव पाटलांचे काम मला आता वेगळे दिसू लागले आहे. 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, 1924 मध्ये ती साताऱ्यात आली, आणि तिचा खरा कणा वसतिगृह हा होता. (जयंतीच्या भाषणांत आपण शाळा-महाविद्यालयांची संख्या मोजतो, वसतिगृह एका वाक्यात उरकतो.) 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ज्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत होती. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जे घर त्या मुलांना देऊ शकत नव्हते, म्हणजे अभ्यासाची जागा, वेळ, संगत आणि पुस्तके, ते वसतिगृहाने दिले. बुर्दियने रोगाला नाव देण्याच्या कितीतरी वर्षे आधी साताऱ्यात त्यावर उपचार चालू होते. त्याही आधी, 1882 मध्ये, ज्यांचे मूळ गाव आमच्या जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगितले होते की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो.

आज शाळा गावोगाव आहेत, पण घराची उणीव भरून काढण्याचे काम आपण खासगी क्लासकडे सोपवले आहे, आणि क्लास पैशाने मिळतो. शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांना खासगी शाळांत 25 टक्के जागा दिल्या. शाळा सुटल्यावरच्या तासांबद्दल त्यात काही नाही. गळीत हंगामात फडावर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांचे तर वर्षही शाळेच्या वर्षाशी जुळत नाही.

तो चार ओळी लिहिणारा मुलगा आता ऊसरोपांची रोपवाटिका चालवतो. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "आमा दोघांनाबी पोरीचा अभ्यास घ्यायला जमत न्हाई, म्हणून क्लास लावलाय, सर."

आमच्या गावातील शाळा संध्याकाळी साडेपाचला बंद होते. दोन खोल्या रात्री नऊपर्यंत अभ्यासासाठी उघड्या ठेवाव्यात, असा अर्ज मी शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला आहे. वीजबिल कोणी भरायचे, यावर तो सध्या अडला आहे.