काका, कॅशे साफ करा

वेबसाईट स्लो असते तोपर्यंत बरं असतं हो, फास्ट केली की खरे हाल सुरू. आमचे एक क्लायंट काका, पुण्यात दिवाळीचा फराळ विकतात, ऑनलाईनपण. भाच्याने त्यांना साईटचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीडचा स्कोअर काढून दाखवला, 100 पैकी 34. एका मार्काने राहिलो हे काकांच्या फारच जिव्हारी लागलं (गूगल 50 च्या खाली सगळ्यांनाच लाल रंग देतं, 35 ने काय होणार होतं, पण सांगतो कोणाला).

फोटो असे की एकेक चकली सहा-सहा एमबीची. मग सर्व्हरवर जे जे करता येतं ते केलं, ब्रॉटली कॉम्प्रेशन (पानं दाबून लहान करून पाठवायची), पान तयार करणाऱ्या पीएचपीचा कोड तयार ठेवायला ऑपकॅश, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लक्षात ठेवायला रेडिस, पुढे एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा पेज कॅशे (कॅशे म्हणजे साठा, एकदा बनवलेलं पान ठेवून तेच सगळ्यांना द्यायचं), त्याच्याही पुढे सीडीएन (गावोगावचे सर्व्हर, तेही प्रती साठवणारे), आणि फोटो सगळे वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये. पूर्वी यातलं फोटोंचं काम सर्व्हरला जोडायचं गूगलचं मॉड पेजस्पीड परस्पर करायचं, 2010 ला आलेलं, आता त्याला कोणी वाली नाही, म्हणून आपणच जोडत बसायचं.

साईट पळायला लागली. आणि तेल महागलं.

"अरे, चकलीचा भाव वाढवलाय मी, साईटवर जुनाच दिसतोय!"

रेडिस साफ केला, एन्जिनएक्सचा कॅशे उडवला, सीडीएन पर्ज केलं. मला नवा भाव, काकांना जुनाच. बघतो तर आधीच्या डेव्हलपरने एचटीएमएललासुद्धा, म्हणजे खुद्द पानालाच, मॅक्स-एज (ब्राउझरने प्रत किती वेळ स्वतःजवळ ठेवून वापरायची ते) 31536000 लावून ठेवलेलं. सेकंद आहेत ते, म्हणजे अख्खं वर्ष! काकांचा ब्राउझर आता पुढच्या दिवाळीपर्यंत सर्व्हरला विचारायला येणार नाही, आणि माझा हात त्यांच्या फोनपर्यंत पोचत नाही.

"काका, रिफ्रेश करा."

"करतोय की मघापासून!" म्हणजे फोन खिशात घालायचा, परत काढायचा.

"मग कॅशे साफ करा."

मागून काकू, "अहो, नातवाचे फोटो जातील हां, आधीच सांगून ठेवते."

झाला एकदाचा नवा भाव. तर संध्याकाळी परत फोन. होमपेजच्या तळाशी काकांनी हौसेने 'आजचे पाहुणे' काउंटर लावून घेतलाय. मोजणार पीएचपी, आणि पान कॅशेतूनच जायला लागल्यावर पीएचपीला उठवतंय कोण?

"ऑर्डरी तर धडाधड येतायत रे, मग सकाळपासून साईटवर तीनच माणसं कशी?"

आता काय सांगू, ती तिन्ही माणसं मीच, कॅशे उडवून भाव बदलला का बघायला गेलेला.