भाजीचं नाव घोळ

गेली चार वर्षं मी गच्चीतल्या कुंड्यांमधून एक तण उपटून फेकतोय. जाडसर गुळगुळीत पानं, लालसर देठ, मातीला पोट लावून पसरायची सवय. माझा मोगरा टिकत नाही, कढीपत्ता रुसून बसतो. याला मात्र ना खत लागतं ना पाणी. उपटून कठड्यावर टाकलं तरी मरत नाही. एकदा तर तिथे पडल्या पडल्याच पिवळी फुलं फुलवली आणि मोहरीहून बारीक काळं बी कुंडीत सांडून माझ्यावर सूड उगवला.

मे महिन्यात आई राहायला आली. उपटलेला ढीग बघून म्हणाली, "अरे, हा घोळ आहे!"

"काय घोळ झाला?"

"झाला नाही, आहे. घोळ. भाजी. परवा तुझ्या बायकोने मंडईतून वीस रुपयांची जुडी आणली ना, तीच."

चार वर्षांच्या जुड्यांचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो.

निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. यात म्हणे दुधी मिसळलेली असते. भोपळा नव्हे, दुधी नावाचं दुसरं तण. "देठ मोडून बघ, पांढरा चीक आला तर टाकून दे." तासभर मी एकेक देठ मोडून उजेडाकडे धरत होतो. मग चार पाण्यांतून माती काढली. परातभर पाला मुगाची डाळ आणि लसणाच्या फोडणीत पडला आणि कढईच्या तळाशी जाऊन बसला. चव आंबटसर, किंचित बुळबुळीत. भाकरीशी मात्र झकास.

उरलेला पाला आईने वाटून माझ्या तळपायांना थापला. उष्णता ओढून घेतो म्हणाली. नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात सासरे, हातात रिकामा डबा. बायकोने त्यांना फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आज घोळ केलाय, या जेवायला." सासरे मालवणचे. त्यांच्या लेखी घोळ म्हणजे मासा. २०२१ साली पालघरच्या मच्छीमाराच्या जाळ्यात दीडएकशे घोळ सापडले आणि लिलावात कोटीवर बोली गेली, तो. दारापासून बैठकीपर्यंत उमटलेली माझी हिरवी पावलं त्यांनी बघितली, मग ताटातली हिरवी भाजी बघितली. दोन्हींचा संबंध त्यांनी लावला असणार, कारण बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

त्यात त्यांना मूतखड्याचा त्रास. घोळात पालकासारखंच ऑक्झलेट भरपूर, तेव्हा भाजी त्यांना वर्ज्य. बिचारे भाकरी-लोणचं खाऊन परतले. डबा रिकामाच.

मी मात्र इरेला पेटलो. मोठी कुंडी आणली, शेणखत भरलं, घोळ लावून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. कुंडीवर पाटीसुद्धा लावली. दहाव्या दिवशी देठ कुजून आडवे झाले. तण होता तोवर अमर होता; भाजी म्हटल्याबरोबर नाजूक झाला!

खाली जिन्याशेजारी फरशांच्या फटीत मात्र तो तरारून आलाय. सोसायटीचा माळी गुरुवारी येतो. बुधवारी रात्री मी पिशवी घेऊन उतरणार आहे.