त्यांचे काय बुडणार आहे?

कोरोनामुळे बंद असलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी, आणि आमच्या कोल्हापूरच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर तोरणे लावलेल्या फाटकांची आणि गुलाबपुष्प घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकांची छायाचित्रे दिवसभर येत राहिली. विशेष मुलांच्या शाळांचे काय, एवढेच मी विचारले. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर असलेल्या आमच्या वर्गमित्राने लगेच लिहिले, 'आधी नॉर्मल मुलांचे मार्गी लागू दे. ती मुले घरीच सुरक्षित आहेत. त्यांना ना दहावी ना बारावी, त्यांचे काय बुडणार आहे?' त्याखाली बरेच अंगठे उमटले. कुणाच्याही मनात वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे आणि त्यामुळेच ते अधिक झोंबले.

काय बुडाले ते सांगते. या मुलांची शाळा निकालाने संपत नाही, वयाने संपते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो सहा ते अठरा वर्षांपर्यंत. मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागले तेव्हा माझ्या मावसबहिणीची मुलगी सोळा वर्षांची होती आणि येत्या दिवाळीनंतर तिला अठरा पूर्ण होतील. व्यवसायपूर्व गटात ती पणत्या रंगवायला, सुटे पैसे मोजायला, पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वतः काळजी घ्यायला शिकत होती. शाळेतल्या बाई अजूनही व्हिडिओ पाठवतात, परंतु घरात फोन एक आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. आता दाराची बेल वाजली की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. दहावीचा विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसू शकतो. हिला ही दीड वर्षे कोण परत देणार आहे?

शाळा उघडण्याचा आदेश निघाला शालेय शिक्षण विभागाकडून आणि विशेष शाळा तेव्हा येत सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत. आदेशाची भाषा इयत्तांची, तर विशेष शाळेत गट असतात. पाचवीच्या वयाची परंतु बटण लावायला शिकत असलेली मुलगी त्या आदेशात शोधायची कुठे? मुद्दाम कुणी वगळले असते तर निदान भांडता तरी आले असते.

मी अमेरिकेत राहते; आमच्याकडे न्यू जर्सीत हा प्रश्न असा विचारलाच गेला नाही, असे मी गटावर लिहिले आणि ते बहुतांशी खरे आहे. येथल्या १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला योग्य आणि मोफत शिक्षण देणे सरकारी शाळांवर बंधनकारक केले. महामारीत या कायद्यातून शाळांना सवलत द्यावी काय, अशी विचारणा अमेरिकी संसदेने केली तेव्हा एप्रिल २०२० मध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डीव्हॉस यांनी मूळ हक्काला हात न लावण्याचीच शिफारस केली, आणि एरवी त्या बाईंबद्दल चांगले बोलावे असे मला फारसे काही सुचत नाही. गेल्या वर्षी हायब्रिडमध्ये, म्हणजे काही दिवस शाळा आणि काही दिवस ऑनलाइन, इतर मुले दोन-दोन दिवस येत असताना आमच्या डिस्ट्रिक्टमधील सेल्फ-कन्टेन्ड, म्हणजे फक्त विशेष मुलांच्या वेगळ्या वर्गातली मुले चार दिवस जात होती. त्यांतल्याच माझ्या मुलाला मास्क सहन होत नव्हता, तर पॅराने, म्हणजे वर्गातल्या मदतनिसाने, तो रोज थोडा थोडा वेळ लावण्याचा सराव घेतला. जून २०२१ मध्ये न्यू जर्सी राज्याने कायदा करून, महामारीत एकविसावे वर्ष ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांना एक वर्ष वाढवून दिले.

मी गटावर जे लिहिले नाही तेही येथे लिहिते. पहिले तीन महिने स्पीच थेरपी म्हणजे क्रोमबुक लॅपटॉपवर एक थेरपिस्ट, आणि खुर्चीतून उठू पाहणाऱ्या मुलाला धरून बसलेली मी. बुडालेल्या तासांची भरपाई आम्हाला मिळाली, कारण मुलाची वैयक्तिक शिक्षण-योजना ठरवणाऱ्या आयईपी मीटिंगला आम्ही पैसे मोजून पालकांची बाजू मांडणारा अॅडव्होकेट नेला. शेजारच्या ग्वाटेमालाच्या बाईला भरपाई मागता येते हेच माहीत नव्हते.

'तुमच्याकडे पैसा आहे' हे उत्तर मात्र मला मान्य नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा संस्थानाच्या तिजोरीला ते परवडते काय म्हणून ते थांबले नाहीत. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था उभी केली ती कोल्हापुरातच. दर २६ जूनला महाराजांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या शहराला हे शिकवायला अमेरिका लागू नये.

यावर तोच मित्र म्हणाला की तिकडे बसून बोलणे सोपे आहे. मी उत्तर दिले नाही. नागाळा पार्कात आमचा फ्लॅट आहे. मुलगा शाळेत जाऊ लागला की परत यायचे, असे ठरले होते. पुढे त्याचे निदान झाले आणि यजमान व मी त्या बेताबद्दल बोलणेच बंद केले. ज्या गावावर स्वतःच्या मुलाचा भरवसा मी टाकला नाही, त्या गावाने मावसबहिणीच्या मुलीसाठी काय करावे हे मी आता इथून सांगते आहे. मावसबहिणीलाही ते आवडलेले नाही. 'तू गटावर आणखी काही लिहू नकोस, आम्हाला याच लोकांत राहायचे आहे,' असे तिने फोनवर बजावले.

तरी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज तिने माझ्याकडूनच लिहून घेतला. शाळा लहान गटांत सुरू करावी आणि बंदच्या काळात अठरा ओलांडलेल्या मुलांना एक वर्ष वाढवून द्यावे, अशा दोन मागण्या मी घातल्या होत्या. दुसरी तिने काढून टाकली. आधी शाळा तरी उघडू दे, वर्षाचे मग मागू, असे तिचे म्हणणे आहे. तिची मुलगी नोव्हेंबरात अठरा पूर्ण करते, हे मी तिला पुन्हा सांगितले. ते तिला माहीत आहे.